दहातले चार

"हे असलं माझ्या टेबलावर चालायचं नाही!" व्हर्लिन लिंडक्विस्टने काटा असा आपटला, की ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशमधला एक खरपूस बटाटा उडून थेट त्याच्या छातीवरच्या 'हॉलबर्ग कॉलेज' या अक्षरांवर जाऊन विसावला... आणि त्याच्या बायकोच्या, अर्डिसच्या काळजात चर्र झालं! स्वेटशर्ट कालच धुतला होता म्हणून नव्हे. समोर तिची एकुलती लेक सिग्ने ओठ घट्ट मिटून बसली होती म्हणून.

लिंडक्विस्टांच्या तीन पिढ्या हॉलबर्गात शिकल्या. सिग्नेनेही तिथेच जायचं, हे तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच, केक कापायच्या आधी ठरलं होतं. लवकरच्या अर्जाची मुदत आज संपत होती, आणि त्या अर्जावर प्रवेश मिळाला, की दुसरीकडे जायचं नाव काढायचं नाही. लग्नासारखंच, फक्त आहेर दरवर्षी मुलीकडच्यांनी करायचा.

पण सिग्नेने कॉलेजांनी स्वतःच जाहीर केलेले आकडे शोधून काढले होते.

"बाबा, हॉलबर्गात दहा जण आत जातात, त्यातले चार पदवी न घेताच बाहेर पडतात. सहा वर्षं वाट बघूनसुद्धा! मला जायचंय त्या सरकारी विद्यापीठात दोनच. आणि हॉलबर्गात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप? चक्क लिहिलंय, 'विचारात घेत नाही'."

"विचारात घेत नाही? मी दर ऑक्टोबरात त्यांच्या मिरवणुकीत ट्यूबा वाजवतो!"

"ट्यूबाचा रकाना नाहीये, बाबा."

"आकडे बघून का कुणी कॉलेज निवडतं?" व्हर्लिन गरजला. हे विचारणारा गृहस्थ शेतकऱ्यांना विमा विकत असे, आणि कुठल्या गावात किती कोठारं जळतात हे पाहिल्याशिवाय सख्ख्या भावालाही हप्ता सांगत नसे. "अगं, ते चार म्हणजे ऐदी! बिअर ढोसून लोळणारे! दमच नसतो त्यांच्यात."

आमच्या मिनेसोटात भांडायची रीत सोज्वळ. एखाद्याचं वागणं अगदीच असह्य झालं, तर "हं, वेगळंच आहे" म्हणायचं. तेवढ्यावर माणसं दहा-दहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून अर्डिसने नवऱ्याला तेवढंही ऐकवलं नव्हतं... पण आज तिच्या अंतःकरणात इतकी वर्षं कोंडलेली व्यथा उसळून ओठांवर आली.

"मी त्या चारातली आहे, व्हर्लिन."

"तुझं... तुझं वेगळं होतं."

"काय वेगळं? तिसऱ्या वर्षी ही पोटात होती. दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं. कुणी थांबायचं, हे आपण बोललोसुद्धा नाही. मी थांबले! पहाटे बेकरीत पाव भाजले, दुपारी तुझे निबंध टाइप केले... तुझ्या पदवीत अर्धी मी आहे रे, आणि त्यांच्या आकड्यांत मात्र गळालेली!"

सिग्नेने काटा खाली ठेवला. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

व्हर्लिनचे डोळे भरून आले. लिंडक्विस्टांच्या तीन पिढ्यांत असं प्रथमच घडत असल्याने, पुढे काय करायचं हे त्याला कळेना. सिग्नेने नॅपकिन पुढे केला.

"मी... तुला कधी हिशेबातच धरलं नाही गं, अर्डिस," तो म्हणाला. "चुकलो. सिग्ने, तुला हवं तिथे अर्ज कर."

"एक नाही, दोन," अर्डिसने लॅपटॉप पुढ्यात ओढला. "त्या सरकारी विद्यापीठात पंचविशीच्या वरचेही पुष्कळ शिकतात. तेही छापलंय त्यांनी."

"म्हणजे तू? अगं, मला विचारायचं तरी..."

"थांबताना तरी कुठे विचारलं होतं?"

व्हर्लिन खुर्ची सरकवून तिला खेटून बसला. "आण इकडे. तू सांग, मी भरतो."

त्याने 'अर्डिस' टाइप केलं आणि पुढे सवयीने आडनावही. तिने त्याचा हात धरला.

"ते नको. माहेरचं हौगेन लिही. ज्या नावाने बाहेर पडले, त्याच नावाने आत जाणार!"

आणि व्हर्लिनने लिंडक्विस्टांच्या तीन पिढ्या एका बोटाने, एकेक अक्षर करत, निमूटपणे पुसून टाकल्या.