गुलाबी नीलमावरची वाफ

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

गेल्या मार्गशीर्षात, एका दुपारी, कसबा पेठेत माझ्या हेमामावशीच्या बाबतीत हे घडलं...

मावशी कोथरूडला राहते. तिची एकुलती एक मुलगी अवनी फुप्फुसाच्या आजारानं गेली. जावयानं पुन्हा लग्न करावं म्हणून मावशीच त्याच्या मागे लागली होती. अखेर तेजसचं श्रद्धाशी ठरलं. श्रद्धाला अंगठीत पिंक सफायर, म्हणजे गुलाबी नीलम हवा होता.

"आई, मला खड्यांतलं काही कळत नाही. तुम्ही याल?" तेजसनं मावशीला विचारलं.

मावशी गेली.

रत्नपारखी बापूरावांनी दुकानातला दिवा बंद केला. खडे खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर मांडले.

"दिव्याखाली काचसुद्धा खानदानी दिसते. उजेडात बघा. रंग मधेच फिका पडतोय का, तेही बघा. बरेचसे खडे तापवून रंग खुलवलेले असतात. तसं सर्टिफिकेटवर लिहिलेलं असायला हवं. मागायला लाजू नका."

तेजसनं एक खडा उचलला. गुलाबी कण्हेरीच्या रंगाचा.

"त्याच्यावर तोंडाची वाफ सोडा," बापूराव म्हणाले. "काचेवर ती रेंगाळते, नीलमावरून लगेच उडते. पक्की परीक्षा नव्हे हं ही."

तेजसनं वाफ सोडली. लगेच उडाली. त्यानं खडा कागदावर ठेवला.

आणि...

खड्यावर पुन्हा वाफ धरली.

कोणीच वाकलेलं नव्हतं.

वाफ विरली. पुन्हा धरली. विरली...

बापूरावांनी खिडकी लावून घेतली. तरी तेच.

शेजारच्या तांबट आळीतली ठोकाठोक कधी थांबली, तिघांनाही कळलं नाही.

मावशीनं ती लय ओळखली. अवनीच्या ऑक्सिजनच्या मास्कवर अशीच वाफ धरायची. मावशी त्या वाफेकडेच बघत बसून राहायची.

तेजसनं मावशीकडे बघितलं.

"आई... तिला हे लग्न नकोय का?"

"नाही रे. रागावली की ती भराभर श्वास घ्यायची. हे तसं नाही." मावशी खड्यावरून नजर काढत नव्हती. "तिला श्वास घेणं जड जातंय."

तिनं खडा ओंजळीत घेतला. पाठीवरून हात फिरवावा तसा अंगठा त्याच्यावरून फिरवला.

"पुरे आता, सोनू. दमलीस."

वाफ एकदा धरली. अगदी पुसट.

मग...

नाहीच.

बाहेर हातोड्यांचे आवाज पुन्हा सुरू झाले.

श्रद्धाच्या अंगठीला दुसरा खडा घेतला. लग्न नीट पार पडलं. दोघं मावशीकडे येतात, जेवतात. तो खडा मावशीनं स्वतःसाठी ठेवून घेतला. बापूरावांनी पुन्हा तपासला. अस्सल आहे, कुठे काही खोट नाही.

त्यानंतर त्याच्यावर कधीच वाफ दिसली नाही.

पण मावशीला झोप लागत नाही. परवा मी गेले, तेव्हा चहा ओतता ओतता तिनं हळूच विचारलं,

"मेल्यावरही तिला श्वास घ्यायला एवढा त्रास होत असेल का गं?"