म्हशीला गप्प कोण उभं करणार

१९९८च्या एका संध्याकाळी शिवाजी पेठेतल्या दूधकट्ट्यावर एका म्हशीनं पान्हा चोरला. गिऱ्हाइकं रिकामे ग्लास धरून उभी, शिवांजली गुडघ्यांत बादली दाबून बसलेली, आणि समोर तीन लाकडी पायांवर, काळं फडकं पांघरलेलं काहीतरी. फडक्याखालून आवाज आला, "जरा हलू नका हं…"

"मला सांगताय का म्हशीला, पावणं?"

एक घामेजलेला, बऱ्यापैकी देखणा चेहरा बाहेर आला. देखणा आहे हे लक्षात आल्यामुळं ती जास्तच चिडली.

हा मोहित, पुण्याचा. कोल्हापूरच्या गवळ्यांचं खरंखुरं जगणं टिपायला आलेला. कॅमेरा ट्रंकेएवढा, फिल्म पोस्टकार्डाएवढी, एका वेळी फोटो एकच, आणि त्यासाठी साऱ्या जगानं अर्धा सेकंद स्तब्ध राहायचं. जग तयार होतं. म्हैस नव्हती.

आठवड्यानं त्यानं तिच्या वडिलांचा, बसाप्पांचा फोटो आणून दाखवला. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. शिवांजली भडकली.

"आप्पा इतकं गप्प कधी बसलेत? बादलीत दूध न्हाय, तोंडात शिवी न्हाय. हार घालायचा तेवढा ऱ्हायलाय."

"हलले की धुरकट येतात. मी काय करू?"

"ल्हान कॅमेरा आणा की."

आणला. दुसऱ्याच दिवशी छत्तीस फोटो. त्यातल्या एकात ती – केस विस्कटलेले, तोंड उघडं, गिऱ्हाइकावर ओरडणारी.

"हे तरी खरं आहे," तो म्हणाला.

"खरं हाय. पण मला इच्यारलं कवा? खिडकीतनं डोकावल्यागत काढलाय."

आता तोही चिडला. "मोठा आणला तर खोटा, लहान आणला तर चोर. लहान कॅमेऱ्यानं काम दोन दिवसांत उरकतं, परवाच्या गाडीनं मी गेलो. मोठ्यानं वर्ष लागेल. आणि मला… वर्षच लागायला हवंय. फोटोंसाठी नाही."

म्हशीही रवंथ करायच्या थांबल्या, असं लिहिणं शोभलं असतं. त्या थांबल्या नाहीत.

शिवांजलीनं धार संपवली, गिऱ्हाइकं वाटेला लावली, हात पुसले.

"धार काढताना न्हाय. काम झाल्यावर मी हितं थांबतो. माझ्या मर्जीनं. मग मोठ्यानं काढा."

तो फडक्याखाली शिरला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर शिवांजली उलटी दिसत होती; उलटीसुद्धा रागातच. फिल्म सरकवून तो बाहेर आला आणि कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला.

"आता आत बघत न्हाय?"

"फिल्म घातली की काच झाकली जाते. आता नुसतं तुमच्याकडे बघायचं."

"…बघा की मग."

अर्धा सेकंद दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शिवाजी पेठेत इतका वेळ कुणी कुणाकडं बघितलं, तर एक मारामारी होते, नाहीतर लग्न.

खटका वाजला.

"वरीस म्हणालात न्हवं?" तिच्या नाकाचा शेंडा अजून लालच होता. "आमच्या म्हशी चौदा हायत, आणि आप्पांना राजी करायचंय. दोन धरा."