कोपऱ्यातला खळगा

नवी प्रयोगशाळा अडली होती ती थेंबभर पाण्यापायी. श्वासातून पसरणारे विषाणू शोधताना प्लेटच्या कोपऱ्यातल्या एका खळग्यात नमुन्याऐवजी निव्वळ शुद्ध पाणी घालतात. यंत्राच्या पडद्यावर त्याची रेघ आडवी राहायला हवी. ती चढली, तर कुठंतरी भेसळ झाली आणि सगळी तपासणी बाद. इथं ती रोज चढत होती.

टेक्निशियन ताई हट्टाला पेटली. टेबलं पुसली, पाणी बदललं, हातमोजे बदलून बदलून बोटं सुरकुतली. बाबा खोकून खोकून गेले तेव्हा इथं तपासणीची सोयच नव्हती. त्यांचा नमुना मोठ्या शहरात पाठवला, तो गेला तो गेलाच. आई अजून विचारायची, "त्यांना नेमकं झालं काय होतं गं?" दुसऱ्या कुणाच्या घरी हा प्रश्न उरू नये, म्हणून तर ताई या कामात पडली होती.

"परवा मान्यतेसाठी पाहणी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रेघ चढली तर टाळंच लागलं समज."

दुपारी सगळे जेवायला गेले. ताईनं वैतागून त्या खळग्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, तिथं नका ना बसू. तुम्हाला शेजारी जागा देते." तिचं तिलाच हसू आलं. तरी शेजारच्या खळग्यातही तिनं तेच पाणी घातलं.

कोपऱ्यातली रेघ आडवी राहिली. शेजारची चढली.

मान्यता मिळाली. वॉर्डातल्या लेकरांचे अहवाल त्याच दिवशी हातात पडू लागले. बाबांची जागा मात्र ताईनं मोडली नाही.

"तो एक खळगा वाया का घालवतेस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"असू द्या हो, मॅडम."

नमुन्यात विषाणू जितका जास्त, तितकी रेघ लवकर चढते. बाबांची रेघ आधी अगदी शेवटी चढायची. मग मध्यावर. मग सुरुवातीलाच.

आज ताईनं प्लेट यंत्रात ठेवलीही नव्हती. तरी पडद्यावर बाबांची रेघ चढलेली होती.

मागं कुणीतरी घसा खाकरला. दार आतून बंद होतं.

ताईला भीती वाटली, आणि त्याहून जास्त रडू आलं. तिनं मास्क सारखा केला, कापसाच्या काडीचं नवं पाकीट फोडलं आणि वळली.

"आ करा, बाबा. आता लांब पाठवावं लागत नाही."

काडी बाहेर आली तेव्हा ओली होती.