झाकणावरची पळी

गाडीत बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बाबांनी तीन गोष्टी तपासल्या. खिडकी नीट लागते का, डोक्यावरची सामानाची फळी पक्की आहे का, आणि नळाच्या पाण्याला वास येतो का. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाची खोड परदेशात आलं म्हणून जात नाही. समोर बसलेली लेक हसत होती.

"बाबा, फिरायला आलोय आपण. तपासणीला नाही."

"पाणी बरं आहे," बाबा म्हणाले. त्यांच्याकडून मिळणारं हे मोठंच प्रशस्तिपत्र.

ही सहल खरं तर आईची. परदेशात आगगाडीने हिंडायचं आणि जिथे गाडी थांबेल तिथलं खायचं, हे तिने कित्येक वर्षं मनात धरलं होतं. मासिकांतली कात्रणं ती बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची. ती गेल्यावर दोन वर्षांनी लेकीला तो डबा सापडला आणि तिने सरळ दोन तिकिटं काढली. नाही म्हणायला बाबांना तोंड उरलं नाही.

ते का उरलं नाही, हे मात्र लेकीला ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आईला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. गोड, तिखट, खारट, तिला सगळं सारखंच. तेव्हापासून घरात एक रीत पडली. स्वयंपाक तिने करायचा आणि मीठ बाबांनी घालायचं. रोज सकाळी ती पळी पुढे करायची, थेंब सांडू नये म्हणून खाली डावा तळहात धरून. "बघा जरा." बाबा फुंकर मारून चाखायचे, एक चिमूट आणि वर चार दाणे टाकायचे आणि म्हणायचे, "झालं." त्यानंतरच ते कामावर निघायचे. नातेवाईक जेवायला आले की बोटं चाटत म्हणायचे, "वहिनी, हाताला काय चव आहे हो तुमच्या!" मग दोघं एकमेकांकडे बघायचं टाळायची, नाहीतर हसू फुटलं असतं. ही गंमत त्यांनी लेकीलाही कधी सांगितली नाही. किती साधे आणि किती चांगले दिवस होते ते!

मग दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आईने नवं कात्रण पुढे केलं. बाबा दमून आले होते. "तुला चव तरी कळते का? तिथे जाऊन खाणार काय, डोंबल?" ते बोलून गेले. आईने कागदाची घडी करून ती डब्यात ठेवून दिली. सकाळी दोघांचीही तोंडं फुगलेली. बाबा पहिल्यांदाच स्वयंपाकघरात न डोकावता कामावर गेले. दुपारी शेजारणीचा फोन आला. आई ओट्याजवळच्या स्टुलावर भिंतीला टेकून बसल्या जागीच गेली होती, जणू कुणाची वाट बघत. भांड्यावर झाकण होतं आणि झाकणावर पळी. भांड्यातलं अळणी आहे हे चाखून बघायची गरजच नव्हती.

प्रवासाच्या पहिल्या दिवशी दुपारी बापलेक गाडीतल्या भोजनडब्यात गेली. मोठ्या काचा, पांढरे मेजपोस, बाहेर संथ नदी. लठ्ठसा वाढपी सूप आणि पाव ठेवून गेला. लेक दोन घोटांतच खूश झाली. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"अळणी आहे."

"माझं तर मस्त आहे."

बाबांनी पाव चाखला. त्यात मीठ होतं, म्हणजे जीभ शाबूत होती. त्यांना तक्रार करायचीच होती, म्हणून लेकीने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं. वाढपी हसला आणि त्याने भिंतीतली सरकती खिडकी उघडून दाखवली. आत कपाटाएवढी जागा, बंद डब्यांची चळत आणि ते गरम करायची पेटी. जेवण मोठ्या स्टेशनवरून तयार येतं, इथे कोणी शिजवत नाही, त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एका लहान स्टेशनावर गाडी वीस मिनिटं थांबली. फलाटावर एक म्हातारी मोठ्या पातेल्यातून उकडलेले बटाटे आणि शेंगदाण्यांचं गरम वाटण विकत होती. तिने एकाच पातेल्यातून, एकाच झाऱ्याने दोन द्रोण भरले.

बाबांचा अळणी.

"इकडे दे तुझा," ते म्हणाले. लेकीने द्रोण बदलला. आता त्यांना तिचाही अळणी लागला. आणि बाबांनी सोडलेला द्रोण लेक मिटक्या मारत संपवत होती. प्रयोगशाळेत असा निकाल आला असता तर बाबांनी उपकरण दुरुस्तीला धाडलं असतं. इथे धाडणार काय?

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"उगीच आपलं," ते म्हणाले. पण द्रोण त्यांनी टाकला नाही. दोन वर्षांपूर्वी जे चाखायची हिंमत झाली नव्हती, ते आज चाखतोय, असं त्यांना वाटलं. शेवटच्या घासापर्यंत त्यांनी ते खाल्लं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तिसरा दिवस प्रवासाचा शेवटचा. लेक सामान आवरत होती. "तुम्ही पुढे व्हा, मी आलेच." बाबा एकटेच भोजनडब्यात गेले आणि सरकत्या खिडकीजवळच्या मेजावर बसले. वाढपी तबक घेऊन पुढच्या डब्यात निघून गेला. काचांवर ऊन होतं.

खिडकी सरकली. चार बोटं, इतकीच.

आधी पळी आली. मग तिच्याखाली धरलेला डावा तळहात.

बाबांना भीती वाटली नाही. त्यांनी वाकून फुंकर मारली आणि चाखलं.

अळणी.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

पळी हलली नाही.

त्यांनी मेजावरचं मीठ तळहातावर घेतलं. एक चिमूट. वर चार दाणे.

"झालं."

पळी आत गेली. खिडकी मिटली.

लेक आली तेव्हा वाढपी परतून सूप ठेवत होता. तिने पहिला घोट घेतला आणि चमचा तसाच धरून राहिली.

"बाबा, अगदी आईच्या हातचं लागतंय हो!"

बाबांनी आपला चमचा तोंडात घातला. सूप गरम होतं, एवढं कळलं. त्यांनी पाव खाल्ला. मग बोटाने मीठ उचलून जिभेवर ठेवलं. वाळू असावी तसे दाणे नुसते टोचले.

"मीठ बरोबर आहे ना आज?" लेकीने विचारलं.

"अगदी बरोबर," बाबा म्हणाले.

वाढपी त्यांच्यासमोर उभा होता. डब्यात चौथं कोणी नव्हतं. आणि बंद खिडकीमागे कुणीतरी हलकेच फुंकर मारली, एक भुरका घेतला, क्षणभर थांबलं, आणि मग घाईघाईने भुरक्यावर भुरके घ्यायला लागलं.