न पुसलेला ठसा

हस्तसामुद्रिकात अनामिकेखालच्या उभ्या रेषेला सूर्यरेषा म्हणतात. यश, कीर्ती आणि राजमान्यता यांची ती रेषा, असे पोथ्या सांगतात. शहागडचे भविष्य सांगणारे रखमाजी तिला नुसते ‘यशरेघ’ म्हणत, आणि ती तळहातावर कधीच पाहत नसत, राखेत पाहत. ही रीत मला कोणत्याही ग्रंथात आढळली नव्हती. तिची नोंद करावी, एवढ्याच साध्या कामासाठी मी गेल्या फेब्रुवारीत शहागडला गेले. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. घडले त्या क्रमाने सांगणे तेवढे माझ्या हाती आहे.

बरोबर सुमेधा होती. लोकसाहित्याच्या वर्गातली माझी विद्यार्थिनी, गाव शहागडच. कनिष्ठ लिपिकाच्या परीक्षेत ती तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली होती आणि महिन्याभरात तिच्या बोटांच्या ठशांची पडताळणी व्हायची होती. तिची आई चांगुणाबाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचत आलेली. त्या घरात सरकारी पत्र यायची ही पहिलीच वेळ. ते त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तथागतांच्या तसबिरीमागे ठेवले होते. चहा देताना आम्ही कोठे निघालो ते त्यांना कळले आणि त्यांनी लेकीला फटकारले.

“आपल्यात हात दाखवत न्हाईत. इसरलीस का?”

“मी कुठं दाखवायले, आई? मॅडमचं काम हाय. मी नुसती गाडी चालवून राह्यले.”

रखमाजींचे घर गोदावरीच्या उतारावर, महामार्गाच्या पुलाजवळ. पुलावरून ट्रक अखंड जात होते. पण आत शिरताच ती घरघर पाण्याखालून आल्यासारखी मंद झाली. जाड मातीच्या भिंती, एकच झरोका, आणि गोवऱ्यांच्या राखेचा कोरडा, घशाला लागणारा वास. बाहेर दुपारचे दोन वाजलेले असूनही आत दिवा लावावा लागत होता.

रीत अशी होती. परातीत वस्त्रगाळ राख पसरायची. आलेल्या माणसाने उजवा तळहात तिच्यावर दाबून अलगद उचलायचा. मग रखमाजी एक गव्हाची काडी त्या रेघांवरून, राखेला न लावता, फिरवत राहत आणि हलक्या आवाजात सांगत जात. शेवटी ज्याचा हात असेल त्यानेच, त्याच हाताने, तो ठसा पुसायचा. पुसल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

मी कारण विचारले.

“उमटलेलं ज्याचं त्यानं घेऊन जावं, बाई,” ते म्हणाले. “मागं ठिवू न्हाई.”

असे निषेध लोकसमजुतींत विपुल आढळतात. कापलेले केस, नखे, पावलांची माती: देहापासून सुटलेला अंश देहाशी बांधलेलाच राहतो, अशी त्यामागची धारणा. मी वहीत तसे वर्गीकरण केले. एखाद्या गोष्टीचे वर्गीकरण केले की तिची भीती वाटेनाशी होते. आमच्या व्यवसायातली ही एक सोय आहे.

मग मी पिशवीतून शाईची गादी आणि जाड कागद काढला. राखेतला ठसा टिकत नाही. संग्रहासाठी एक तरी कायमचा नमुना हवा होता. रखमाजींनी परात मागे ओढून घेतली.

“कागद पुसता येत न्हाई.”

“म्हणून तर हवा आहे,” मी म्हणाले. हे वाक्य मला नंतर फार वेळा आठवले.

सुमेधा पुढे सरकली. “माझा घ्या, मॅडम. अन् आबा, तुम्ही बी बघा की, रेघ हाय का न्हाई. पेपर तर मी रेघ न बघताच पास झाले.”

“थट्टा नको, पोरी.”

“थट्टा न्हाई, आबा. पडताळणी करायले!”

ठसा उत्कृष्ट उमटला. यशरेघ मनगटाच्या वरून निघून सरळ चढत हृदयरेषेपाशी थांबली होती. मी ती पट्टीने मोजली: सहा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. आकडा आणि तारीख कागदाच्या कोपऱ्यात लिहिली. तेवढा वेळ रखमाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी कागद पिशवीत घालू लागले तेव्हा त्यांनी न वळताच विचारले,

“ह्यो कुठं ऱ्हाईल?”

“माझ्या कपाटात.”

“मंग ती पोर बी तिथंच ऱ्हाईल.”

पडताळणीच्या दिवशी सुमेधाचा फोन आला. यंत्र तिच्या उजव्या हाताचे एकही बोट ओळखत नव्हते आणि डाव्याचा ठसा नियमात बसत नव्हता. आठ दिवसांनी, शेवटची संधी म्हणून, पुन्हा बोलावले होते. दुसऱ्या दिवशी ती जालन्याला माझ्या घरी आली आणि तिने तळहात टेबलावर उताणा ठेवला.

अनामिकेखालची जागा आणि बोटांची टोके कोरी होती. जखम नव्हती, व्रण नव्हता, कातडी सोललेली नव्हती. तेथे मुळात कधी काही नव्हतेच, अशी ती गुळगुळीत होती. डॉक्टरांनी तिला साबण, थंडी, कोरडेपणा अशी कारणे सांगितली होती. मीही तीच सांगितली, आणि तिचा धीर वाढावा म्हणून कपाटातून तो कागद काढला.

कागदावरची रेघ हृदयरेषा ओलांडून अनामिकेच्या मुळापर्यंत गेली होती. मी पट्टी लावली. आठ सेंटिमीटर एक मिलिमीटर. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात सहा-दोन लिहिलेले होते.

“तेव्हा मोजताना माझी चूक झाली असेल,” मी म्हणाले.

सुमेधाने पट्टी घेऊन पुन्हा मोजले, आकडा तोच आला. वर्गात माझे एकही विधान ती पुराव्यावाचून पुढे जाऊ देत नसे.

त्याच दुपारी आम्ही शहागडला गेलो. रखमाजींनी परातीतली राख झाडून कागद तीत ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिले.

“पुसून बघ,” ते म्हणाले. “पण आस धरू नको.”

सुमेधाने माझ्याकडे पाहिले. “मॅडम, माझा ह्याच्यावर विश्वास न्हाई. बिलकुल न्हाई...” मग तिने विचारले, “पुसू का?”

मी होकारार्थी मान हलवली.

तिने तळहात ठशावर ठेवला. पुलावरची घरघर थांबली, की मला ऐकू येईनाशी झाली, सांगता येत नाही. शाई वाळून महिना झाला होता. तरी ओल्या शाईचा वास खोलीत पसरू लागला. दिव्याची ज्योत हलत नव्हती. सुमेधाचा हातही हलत नव्हता.

“पूस ना,” मी म्हणाले.

“मॅडम... सरकत न्हाई...” तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “ह्यो... धरून राह्यला...”

मी तिचे मनगट दोन्ही हातांनी धरून ओढले. हात सुटला. कागदावरची शाई यत्किंचितही फिसकटलेली नव्हती. उलट सगळ्या रेघा ओल्या, चकचकीत झाल्या होत्या. सुमेधाने तळहात दिव्यासमोर धरला. आता त्यावर कोणतीच रेघ नव्हती, आयुष्यरेषाही नाही. नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखा तो सपाट होता.

“जाळून टाकू?” मी विचारले. काडेपेटी माझ्या हातात होती.

“जाळा,” रखमाजी म्हणाले. “पण आता तिचं समदं त्यात गेलं. काय जळंल... मला न्हाई सांगता येत.”

मला ती काडी ओढता आली नाही. अशा प्रसंगांवरचे किती उतारे, किती विधी मी आजवर नोंदवले आहेत! त्यांपैकी एकही मला त्या वेळी खरा मानता येईना आणि एकही खोटा मानता येईना. कागद मी परत आणला, कपाटात ठेवला, कुलूप लावले. तेव्हापासून ते कपाट मी उघडलेले नाही.

आठ दिवसांनी सुमेधा पडताळणीला गेली नाही. कोणता हात घेऊन जाणार होती? तरीही एप्रिलमध्ये तिच्या नावाचे पत्र आले. पडताळणी ठरलेल्या तारखेस पूर्ण झाली असून, तीर्थपुरीच्या कार्यालयात आपण रुजू झाल्याची नोंद आहे, असा त्यातला मजकूर. ती धावत तीर्थपुरीला गेली. तेथल्या यंत्रावर तिने बोट ठेवले. यंत्राने ते नाकारले. या नावाच्या बाई कामावर हजर आहेत, असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. तिने अर्ज केले. प्रत्येक अर्जाला एकच उत्तर आले: हाताचा ठसा जुळत नाही.

चांगुणाबाई एकदा माझ्या दारात आल्या. नेहमीसारखा जयभीम केला नाही, आतही आल्या नाहीत.

“तुमच्या कागदाला नोकरी लागली म्हना, मॅडम,” त्या म्हणाल्या. “माझ्या लेकीला कवा लागायची?”

गेल्या सोमवारी मी स्वतः तीर्थपुरीला गेले. चार टेबलांची ती खोली. कार्यालयातील तातेराव नावाचे गृहस्थ तेवढे हजर होते, बाकीचे दौऱ्यावर गेलेले. मोकळ्या स्वभावाचे दिसले.

“सुमेधा मॅडम? लई वक्तशीर बाई. दहाला दोन मिनिटं कमी म्हणजे कमी, रोज बराबर. आम्हाला साहेब त्यांचाच दाखला देऊन बोलतेत.”

“तुम्ही पाहिलं आहे त्यांना?”

ते हसले, आणि हसता हसता थांबले. “पाहिलं म्हणजे... आम्ही येतो तवर त्यांची हजेरी झालेली असती. टेबलावरचं काम बी झालेलं असतं. मंग येतच असतील की.”

मी हजेरी पाहायला मागितली. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तारखांखाली तारखा, प्रत्येकीसमोर तीच वेळ, उजवा हात. त्या दिवशीचीही नोंद होती.

“एकच भानगड हाय,” तातेराव म्हणाले. त्यांनी खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि आवाज अगदी उतरवला. “यायची नोंद रोज होती, बघा. जायची... एक बी न्हाई.”

एवढ्या हळू बोलण्याचे कारण मी त्यांना विचारले नाही. खोलीत आम्ही दोघेच होतो.