खुशालीची मशाल

हेइशानच्या काळ्या डोंगरावर झुंजुमुंजू झाले, पश्चिमेकडच्या वाळूच्या टेकड्यांवर पहिला पिवळसर उजेड पसरला आणि चिनी साम्राज्याची सरहद्द पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या त्या मातीच्या तटावरचे पहारेकरी जांभया देत खाली उतरू लागले, नेमकी तीच वेळ साधून मागच्या दिंडी-दरवाजाचा अडसर आतून निघाला. तिबेटी फौज आत शिरली.

अडसर काढणारा किल्ल्याचाच मुतालिक होता, किल्लेदाराच्या हाताखालचा मेंग छी. तांग बादशहाच्या फौजा पूर्वेकडचे बंड मोडायला गेलेल्या, सरहद्दीवर मूठभर शिबंदी उरलेली; तेव्हा या गृहस्थाला वाटले की बुडत्या दौलतीत मुतालिक राहण्यापेक्षा चढत्या दौलतीत किल्लेदार का होऊ नये? अहो, अशा माणसांची कुठल्याच राज्यात कधी टंचाई पडली नाही!

निम्मी शिबंदी अंथरुणातच कापली गेली. म्हातारा किल्लेदार ल्यू हुआइझेन चिलखताशिवाय, नुसत्या सदऱ्यानिशी चौकात उतरला, दोघांना त्याने उभे चिरले, आणि तिसऱ्याचा भाला छातीतून आरपार गेला तरी त्याच भाल्याचा दांडा मुठीत घट्ट धरून तो कितीतरी वेळ उभाच राहिला. तबेल्याशी, कोठारापाशी, विहिरीच्या काठावर, जिथे सापडेल तिथे माणूस मारला गेला. चौकात पाय घसरावेत इतके रक्त सांडले होते.

कत्तल आटोपल्यावर तिबेटी सेनापती ताग्रा घोड्यावरून चौकात आला. मेंग छीने गुडघे टेकले. पण झाले असे की फौजेचा दुभाषा दिंडीतच बाण लागून पडला होता, आणि मेंग छीला तर मोठ्या निकडीचे काही सांगायचे होते. तो बिचारा पुन्हा पुन्हा उंच बुरुजाकडे बोट दाखवी, मशाल धरल्यासारखी मूठ वर करी, काकुळतीला येऊन आपल्या भाषेत बडबडे.

ताग्राला वाटले, हा किल्ला मागतो आहे. मालकाच्या पाठीत सुरा खुपसून रक्त वाळायच्या आत बक्षीस मागणारा माणूस त्याला मुळीच रुचला नाही. त्याने तलवार उपसली, आणि मेंग छीचे डोके किल्लेदाराच्या पायाशी गडगडत गेले.

आता मेंग छीला काय सांगायचे होते ते ऐका. त्या सरहद्दीचा एक रिवाज होता. गनीम आला तर बुरुजावर जाळ करायचा, हे तर सगळ्या जगाला ठाऊक. पण हेइशानवर रोज दिवेलागणीला, काहीही घडले नसताना, एकच मशाल लावीत. खुशालीची मशाल. ती पाहून पुढची चौकी आपली मशाल लावी, तिच्या पुढची तिची, आणि अशी खुशाली थेट आनलिंग शहरापर्यंत पोचे. मशाल दिसली नाही, तर किल्ला पडला असे समजायचे. ताग्राचे सैनिक मात्र बुरुजावर ठिणगीसुद्धा पडू नये म्हणून जिवाचे रान करीत होते!

कोठारातून एक जिवंत माणूस ओढून आणला गेला; दाराच्या फटीतून त्याने मेंग छीचा शेवट पाहिला होता. वानदाक, समरकंदकडचा सोग्दी, किल्ल्याचा दुभाषा. उंटांच्या तांड्यांबरोबर लहानपणी आला आणि इथलाच झाला. पण त्याच्या उभट नाकाकडे आणि दाट दाढीकडे पाहून शिबंदीतले लोक त्याला अखेरपर्यंत परकाच म्हणत. त्याला आपल्या ताटात जेवायला घेणारा एकच, बुरुजाचा राखणदार चाओ शिन. दोघांचीही बायकामुले आनलिंगला होती.

"तू चिनी नाहीस," ताग्रा म्हणाला. "तुला यांच्यासाठी मरण्याचं कारण नाही. आम्ही दिवसभर इथे दम खाणार. अंधार पडला की निघणार, आणि पहाटे बाजारासाठी आनलिंगच्या वेशी उघडल्या की आत घुसणार. तोवर पुढच्या चौकीला संशय येता कामा नये. बोल, या बुरुजाचा काय दस्तूर?"

वानदाकच्या डोळ्यांपुढे त्याची बायको उभी राहिली, तिच्या पदराशी दोन्ही मुली. आवाज मात्र त्याने हलू दिला नाही.

"सरकार, जाळ दिसला तरच भय. काळोख असला म्हणजे सगळं आलबेल."

ताग्रा काही दुधखुळा नव्हता. "तुझं ऐकलं. आता राखणदाराला विचारू."

बुरुजावर जिवंत पकडलेल्या चाओला बांधून आणले. शेगडीतले निखारे फुलवले गेले आणि त्याचा उजवा हात त्यात दाबून धरला. चाओने आधी शिव्या दिल्या, मग तो नुसताच ओरडला. कातडे जळल्याचा वास चौकभर पसरला. डावा हात शेगडीशी नेला, तेव्हा त्या धिप्पाड माणसाचा धीर सुटला. मी तरी त्याला बोल लावणार नाही. ज्याला लावायचा त्याने आधी स्वतःचे बोट दिव्यावर धरून पाहावे.

"वानदाका, सांग त्याला!" चाओ रडत म्हणाला. "दिवेलागणीला एक मशाल लावतात म्हणावं! मीच लावतो! पण हे थांबव रे, तुझ्या पाया पडतो!"

"काय म्हणतो हा?" ताग्राने विचारले.

वानदाकने चाओकडे पाहिले. उत्तराला उशीर झाला तर संशय येईल, हे त्याला कळत होते. तो तिबेटीत म्हणाला, "सरकार, तो म्हणतो, माझे हात एकदा मोकळे होऊ देत, बुरुजावर असा आगडोंब उठवीन की अख्ख्या आनलिंगला दिसेल."

ताग्राने क्षणभर चाओला निरखले, आणि आदराने मान लववली. "शूर आहे. शूराला तडफडवू नये."

ती लवलेली मान पाहून चाओला वाटले, आपली सुटका झाली. त्याने वानदाककडे पाहिले, ओठ हलवून काहीतरी आभाराचे पुटपुटला, आणि तेवढ्यात मागून कुऱ्हाड पडली. वानदाकने डोळे मिटले नाहीत. मित्राला आपणच मारले, तर निदान ते पाहायचे तरी, असे त्या माणसाला वाटले असावे.

दिवेलागण झाली. ताग्राने चुलीसुद्धा विझवायला लावल्या होत्या. तो वानदाकला घेऊन बुरुजावर चढला. पूर्वेकडची टेकडी बराच वेळ काळीच होती. मग तिच्या माथ्यावर एक जाळ उठला, त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, आणि बघता बघता सगळी चौकी धडधडून पेटली. तिच्याही पलीकडे, दूर, तसेच जाळ उठत गेले.

"हे काय?"

आता खोटे बोलण्याचे कारण उरले नव्हते.

"सेनापती, इथे रोज या वेळी एक मशाल लागते. आज ती लागली नाही. तुमच्या फितुरानं ते सांगायला बोट दाखवलं होतं. तुम्ही त्याला मारलंत."

ताग्राची तलवार खांद्यावर उतरली, आणि वानदाक कठड्यावरून खाली प्रेतांच्या राशीत कोसळला.

आता माघार घेण्यात शहाणपण होते, पण संतापाने ताग्राची मती गेली. तो फौजेनिशी आनलिंगवर चालून गेला. वेशी बंद होत्या, तटावर उकळते तेल तयार होते, आणि पाठीवर शहराचे घोडदळ. सूर्य वर येईपर्यंत खंदक तिबेटी शिपायांच्या प्रेतांनी बुजला. ताग्राही त्यातच कुठेतरी पडला.

कुमकेला आलेल्या स्वारांना हेइशानच्या चौकात वानदाक सापडला. जीव होता, डावा हात मात्र खांद्यापासून गेला होता. शहराच्या सुभेदाराने सोने देऊ केले, मान देऊ केला. वानदाकने काही घेतले नाही, आणि दुभाषेपण सोडले.

जखम भरत आल्यावर एके दुपारी चाओची बायको त्याच्या दारी आली. उंबऱ्याशीच बसली.

"भावजी, तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होतात. काय बोलले हो ते?"

वानदाकने उरलेल्या हाताने तिच्याकडे पाट सरकवला.

"वहिनी, चाओदादा म्हणाले, माझे हात एकदा मोकळे होऊ देत, बुरुजावर असा आगडोंब उठवीन की अख्ख्या आनलिंगला दिसेल."

तिने पदराने डोळे पुसले. तिचा चेहरा अभिमानाने उजळला होता. "होतेच तसे ते," ती म्हणाली. "भावजी, थांबा हं. थोरल्याला हाक मारते. त्याच्यासमोर पुन्हा एकदा सांगा."

वानदाकने पुन्हा सांगितले.