दर रविवारची क्षमा

क्षमा ही मानवजातीला लाभलेली सर्वांत उदात्त देणगी होय, आणि केवळाबाईला ती दर रविवारी, ख्रिस्ती देवळात, उपदेश संपल्यावर, सगळ्या मंडळीसमोर मिळत असे.

साक्ष सांगायची वेळ झाली की तिची धाकटी जाऊ नागुबाई पदर सावरून उभी राही आणि डोळे मिटून म्हणे, "माझ्या थोरल्या जावेनं माझ्या लेकीची सोयरीक मोडली. तरी प्रभूच्या कृपेनं मी तिला माफ केलंय." मंडळी आमेन म्हणे. केवळाबाईही म्हणे. न म्हणून कसं चालेल...

उदगीरजवळच्या त्या गावात नवा जिल्हा येऊन पोचला होता, म्हणजे शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं गेलं होतं. पाणी मात्र पोचलं नव्हतं. दुष्काळात विहिरी आटल्या, टँकर मनाला येईल तेव्हा येई. गावात नेमानं येणारी गोष्ट एकच उरली होती, ती म्हणजे नागुबाईची क्षमा.

खरी गोष्ट केवळाबाईच्या काळजात होती. नागुबाईच्या लेकीला, सिंधूला, नांदेडला जाऊन नर्स व्हायचं होतं आणि नागुबाईला तिला उजवायचं होतं. तेव्हा सिंधूनंच नवऱ्या मुलाच्या आत्याला गाठून, मला फेफरं येतं, असं ठोकून दिलं. सोयरीक मोडली. "कुणी सांगितलं?" म्हणत नागुबाई चुलीतलं लाकूड घेऊन अंगणात उभी राहिली, आणि भिंतीला चिकटलेली ती पांढरीफटक पोर पाहून, जिला स्वतःचं लेकरू नव्हतं त्या केवळाबाईच्या तोंडून निघून गेलं, "मी सांगितलं."

दोघींच्या अंगणात मधोमध काटक्यांचा कूड उभा राहिला. पोरीकडून गप्प राहायचं वचन घेऊन केवळाबाईनं तिला नांदेडच्या गाडीत बसवलं आणि स्वतः क्षमेला पात्र झाली. त्या क्षमेचा एकेक शब्द तिच्या हृदयात रुते... पण त्या वेदनेत एक गोडवाही होता, जो तिनं प्रार्थनेतसुद्धा कधी कबूल केला नव्हता: नागू चुकते आहे आणि आपण निर्दोष आहोत.

दवाखान्याला रविवार नसतो, त्यामुळे आईची साक्ष नर्स झालेल्या सिंधूनं कधी ऐकलीच नव्हती. त्या उन्हाळ्यात रजा मिळाली आणि ती ऐकली.

"माय, खाली बस," ती उभी राहून म्हणाली. "फेफऱ्याचं मी सांगितलं होतं. मोठ्या मायनं माझं पाप आपल्या अंगावर घेतलं."

पाळकसाहेबांनी नुकताच मन नवं करण्यावर आणि आपल्याला दुखावणाऱ्यावरही प्रीती करण्यावर उपदेश केला होता. त्याचा परिणाम इतक्या लवकर होईल अशी त्यांची तयारी नसल्यानं ते चष्मा पुसू लागले. मागच्या सतरंजीवरून म्हातारे सटवाजी म्हणाले, "मंग आतापर्यंतची क्षमा कुणाच्या नावावर धरायची?"

नागुबाई खाली मान घालून निघून गेली.

केवळाबाई घरी येऊन उंबऱ्यावर बसली. आज नागू येणार... इतक्या वर्षांचं सोसलेलं आज फळाला येणार. तिनं वाक्य तयार ठेवलं होतं, ते पुटपुटून पाहिलं. "नागू, तू मला लई छळलंस, तरी प्रभूच्या कृपेनं मी तुला माफ केलंय."

आणि ती दचकली. आवाज तिचा होता, पण बोलत होती नागुबाई. तोच सूर, तेच मिटलेले डोळे. पदरसुद्धा तसाच सावरलेला. इतकी वर्षं जाऊ उभी राहून जे करत होती तेच आपण बसून करत होतो, एवढाच का तो फरक? नवं मन नागूला हवं, असंच आपण दर उपदेशाला समजत आलो... आणि आपलं? आपले गुडघे धरले, आपण अंगणात पडलो, तरी कुडापलीकडं एक हाक मारली नाही. निर्दोष माणसानं कुणाकडं काही मागायचं नसतं, हा तिचा ताठा होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

नागुबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली, काखेत रिकामी घागर घेऊन. टँकर आल्याची हाकाटी झाली होती, बायका धावत होत्या. ती मात्र कुडाशी थांबली.

"अक्का..." कित्येक वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून निघाला, आणि पुढचे सगळे वाहून गेले. "मला माफ कर, अक्का. काहीतरी बोल की. शिव्या तरी दे."

तयार वाक्य केवळाबाईच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"खरं सांगितलं असतं, तर पोरीला मारलं असतंस का न्हाई?"

"मारलंच असतं."

"मंग झालं तर."

"काय झालं? देवाच्या दारात मी तुला माफ करून राहिले होते, अन् तू ऐकून घेत होतीस..."

"ऐकून कुठं घेत होते? मी बी मनातल्या मनात तुला तेच करून राहिले होते. तुझं निदान सगळ्यांदेखत होतं, माझं चोरून. मलाच मोठं वाटायचं, नागू. तू उभी राहिलीस की मला मोठं वाटायचं."

नागुबाई कुडाला वळसा घालून आली आणि तिच्या पायांशी बसली. दोघींचे डोळे वाहत होते, आणि मधल्या सगळ्या वर्षांचा निचरा होतो आहे असं केवळाबाईला वाटत होतं... तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

तिनं जावेचे डोळे आपल्या पदरानं पुसले, दाराआडची घागर पुढं सरकवली आणि म्हणाली, "नागू, येताना माझी बी भरून आणशील का? गुडघं लई दुखून राहिलंय."